दिनांकाचा रकाना

तलावाच्या पाळीखाली ग्रामपंचायतीचे तेवीस तुकडे आहेत,
प्रत्येकी एक गुंठा, वर्षाला दीडशे रुपये भाडं,
आणि वही माझ्याकडे,
कारण माझं अक्षर बरं आहे, असं सरपंच एकदा म्हणाले होते.

वहीत पाच रकाने.
तुकडा, नाव, रक्कम, सही किंवा अंगठा,
हे चार शहाण्यासारखे वागतात.
पाचवा दिनांकाचा.
तो चार वर्षं झाली गावाशी भांडतो आहे.

ग्रामसेवक म्हणतात, एकतीस मार्च.
त्यांचं कपाट एकतीस मार्चला बंद होतं.
पण मार्चात गाव असतं कुठे?
पहाटे चारलाच टोपल्या घेऊन मोहाखाली.
मागच्या साली मी दारोदार गेले.
दारांना कड्या, अंगणात फुलं वाळत घातलेली,
राखणीला एक कुत्रं.
त्याच्याकडे सुटे नव्हते.

कौतिका लांजेवार म्हणते, तेंदूपत्त्याचे पैसे आल्यावर घ्या,
"तवा हातात नोट असते, बाई."
खरं आहे. पण ते पैसे कधी येतील ते ठेकेदारालाच ठाऊक,
आणि ज्याला तुकडा सोडायचा, त्यानं वेळेत सांगायला हवं,
नाहीतर मिरगाआधी खणणार कोण?
सातव्या तुकड्यात दोन पावसाळे नुसतं गाजरगवत उभं होतं,
भाडेकरू सुरतेला,
आणि यादीत वाट बघणारे नऊ.

धुरपताचं म्हणणं, दिवाळीनंतर. धान घरी आला की.
"खाल्ल्यावरच पैसे देते ना मानूस हाटेलात?"
शालिक उठून म्हणाला,
"एसटीत त चढल्याबरोबर देते."
पाऊण तास सभा तिथंच अडकली,
हाटेल की एसटी.
चहा दोनदा आला,
ठराव एकदाही नाही.

त्या रात्री मी वही उघडून बसले.
भाडं घेतो तरी कशाचं आपण?
मातीचं असेल तर आधीच घ्यावं,
ती कधीचीच तयार असते.
पाण्याचं असेल तर तलावाला विचारावं,
तो एखाद्या साली माघातच आटतो,
एखाद्या साली चैत्रातही बेडकं सांभाळतो.
वांग्याचं असेल तर पुसात घ्यावं,
पण पुसात वांगी पाच रुपये किलो,
आणि मंडईला लोक येतात ते नाटक बघायला.

रायवंता सभेला येतच नाही.
बारावा तुकडा तिचा.
विकत काही नाही ती, घरापुरतं लावते.
पहिली जुडी खुडली की त्याच संध्याकाळी दारात उभी,
पदराची गाठ दातांनी सोडते,
दहा-दहाच्या नोटा दोनदा मोजते,
"लिवून घे वो माय."
कधी कार्तिकात, कधी पुसात,
परसाल किडीनं सगळं खाल्लं तेव्हा थेट होळीला,
हातात बोटाएवढा मुळा:
"हाच पयला."

ऑडिटच्या साहेबांनी बाराव्या ओळीभोवती लाल गोल काढला.
अनियमित.
मी म्हटलं, साहेब, तेवीसांत हीच एक कधी थकली नाही.
त्यांनी चष्मा काढून पुसला, ओळ पुन्हा वाचली.
गोल तसाच ठेवला.

यंदा एकदाचं ठरलं: अक्षय तृतीया.
मोह विकून झालेला असतो,
तेंदू अजून सुरू व्हायचा असतो,
मधले चार-आठ दिवस गाव घरी सापडतं.
बावीस ओळींत आता एकच तारीख,
एकाखाली एक, माझ्या बऱ्या अक्षरात.

बाराव्या ओळीत मी लिहिलंय: पालक.
शिसपेन्सिलीनं.
मुळाही असू शकतो.