शिफारस

खजुरी बाजारात वजनावर घेतलेल्या रद्दीत
बिशप थॉर्नबी निघाले, चरित्ररूपाने.
पाठीवरचं सोनं उडालेलं,
बालपण वाळवीने खाल्लेलं.

मग एकदम ऑक्सफर्ड. मामा तिथे डीन.
फेलोशिपच्या वर्षी सासरे मंत्री झाले.
ग्रीक व्याकरणावर एक पातळ ग्रंथ,
आणि चहाला बोलावणारी वजनदार माणसं.
बेचाळिसाव्या वर्षी हाती दंड, डोक्यावर उंच टोपी.
आपण ज्याला वशिला म्हणतो
त्याला चरित्रकार पानोपानी
ईश्वरी योजना म्हणतो.

पान दोनशे बाराला इंदूर येतं.
अर्धं वाक्य: उकाडा, आणि उत्तम आंबे.

तिथेच एक कागद.
‘शमुवेल दुशिंग, छावणीतल्या मिशन शाळेचे मास्तर,
माझ्याहून शुद्ध ग्रीक वाचतात.
यांना कॉलेजात जागा द्यावी.’
खाली बिशपांची सही, लांब शेपटीची.
ना कुणाचा शिक्का, ना शेरा.
घडी एकदाच पडलेली.

मी पुस्तक उलटं चाळत पहिल्या पानावर आलो.
श. य. दुशिंग, इंदूर. किंमत सव्वासात रुपये.

बिशपांच्या ग्रंथातला एक उतारा परिशिष्टात दिलाय.
त्यातला चुकलेला स्वराघात
समासात पेन्सिलीने दुरुस्त केलेला,
इतका हलक्या हाताने
की उजेडाकडे धरावं लागतं.