दोन भूतकाळ

ओरेस्ते बेकरीवाला, वय एक्याऐंशी.
गेल्या हिवाळ्यातल्या तापात तोंडाची चव गेली
ती परत आलीच नाही.
रोज सकाळी मी पाव कापते,
तो टेबलावर कोपर टेकून विचारतो,
"दी के सा?"
म्हणजे, कसली चव लागतेय?
आणि शब्दाला शब्द लावला तर:
कशातलं कळतं याला?

पहिल्याच आठवड्यात शब्दकोश उघडला.
सापेरे: ठाऊक असणे.
खाली बारीक अक्षरात: चव असणे, वास येणे.
वाटलं, छापणाऱ्याची चूक.
आमच्याकडे, प्रुत नदीच्या काठी,
जाणणं डोक्यात राहतं, चव जिभेवर,
दोघांची साधी ओळखसुद्धा नाही.

"मिठाची," मी फुशारकीनं म्हणाले.
ठसका लागेपर्यंत हसला.
कासेंतीनोच्या खोऱ्यात पावात मीठ घालत नाहीत.
अळणी पावाला म्हणतात शोक्को,
आणि शोक्को म्हणजे मूर्खसुद्धा.
चव नाही त्याला अक्कल नाही,
इतका रोखठोक हिशोब.

मग शिकले सांगायला.
आज धुराची. आज ओल्या पोत्याची.
आज कशाचीच नाही, ओरेस्ते,
नव्या पोरानं पीठ घाईत मळलंय.
तो डोळे मिटून जबडा हलवतो,
माझं वाक्यच चावत असल्यासारखा.
एकदा मनगट पुढे केलं:
"बघ गं, अजून भट्टीचा वास येतो का मला?"
येत होता. साबणाखालून.

बुधवारी चर्चमागच्या खोलीत भाषेचा वर्ग.
बाईंनी फळ्यावर दोन भूतकाळ लिहिले.
सापेवो: मला ठाऊक होतं,
कधीपासून ते विचारू नका.
ओ सापूतो: मला कळलं,
अमक्या वारी, इतक्या वाजता, दार वाजावं तसं.
मी वहीत उतरवून घेतलं,
खाली दोन रेघा मारल्या.

शुक्रवारी रेमो अरेत्सोहून रिपोर्ट घेऊन आला.
मला जिन्यातच गाठलं.
बाबांना यातलं अक्षर कळता कामा नये.
मान डोलावली. पगार तो देतो.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात,
पण या घरात मीठ खातंय कोण?

शनिवारी पाव कापला.
"दी के सा?"
"अक्रोडाची!"
आवाज जरा वर लागला.
त्यानं तुकडा बशीत ठेवला.
"व्हियोरिका, खोटं बोलताना
तुझं इटालियन फार शुद्ध होतं."
मग खिडकीबाहेर, कुणाच्या तरी वाळत टाकलेल्या
चादरींकडे बघत,
"लो सापेवो."

ओ सापूतो नाही.
वार नाही, वेळ नाही, जिना नाही.
सापेवो.

सुरी हातातच राहिली माझ्या.
घाईत मी पाव टेबलावर उपडा ठेवला होता,
तसा ठेवला की घरात वाईट होतं म्हणतात इथे.
त्यानं हात लांब केला
आणि तो सुलटा केला.