छाट

तीन मिलिमीटरचा चौकोन, पांढरट.
चिमट्यानेच उचलायचा,
बोटाचं तेल लागलं तर खोटं बोलतो.
एक आक्काताई मगदूमच्या डाव्या पापणीवर ठेवते,
एक गालावर, जबड्याच्या कडेला,
वरून जाळीचा मुखवटा.
खिट्या लावताना इरण्णा म्हणतो, "अलगाडब्याडरी."
निपाणीची बाई, कन्नड कळतं तिला.
न हलणं तर चाळीस वर्षं कळतंय:
मांडीवर सूप, सुपात जर्दा,
टिनाच्या साच्याने कापलेलं पान,
दिवसाला हजार.

जाड दार लागतं.
पडद्यावर ती केवढीशी.
दोनशे सेंटिग्रे, रोज तेवढेच.
इरण्णा विचारतो, आज चहा कुणाकडून?

संध्याकाळी खडे तापवते.
तापला की खडा उजळतो,
माझ्या डोळ्याला नाही, यंत्राला दिसेल इतका.
सोसलं तेवढं सांगतो आणि कोरा होतो.
माझ्या ओळखीत असं दुसरं कुणी नाही.

पहिल्याच दिवशी तिनं विचारलेलं,
मशीन सांगंल ते खरं धरत न्हाईसा व्हय?
म्हटलं, मोजून बघावं लागतं.
"बराबर हाय. मुनीम बी हातात घिऊन बघायचा.
शंभरात आठ-धा छाट काढायचा.
तिचं पैसं न्हाईत,
आन् छाट बिडी बी त्योच ठेवून घ्यायचा."
तेव्हापासून मुखवटा निघाला की,
तोंड धड उघडत नसताना,
"आज छाट किती?"
"नाही निघाली."
दीड टक्का, दोन टक्के. आमच्यात ही छाट नव्हे.

अठराव्या दिवशी गालावरचा खडा
सात टक्के जास्त बोलला.
पुन्हा तपासलं. खडा बरोबर. मशीन बरोबर.
सकाळी मुखवटा चढवला, तर
कानापाशी माझं बोट सहज आत गेलं.

"जेवता का?"
"गिळवत न्हाई."
मग छताकडे बघत:
सून पेज देते डब्यात. बेळगावच्या गाडीत बसायच्या आधी
स्टँडवरच्या कुत्रीला घालते.
रिकामा डबा बघून सून खूश असते.
हत्तरगीपर्यंत पोटात काही नसलं
तर उलटीला पण काही नसतं.

हे खड्यात नव्हतं.
खड्यात फक्त सात होता.

नवं स्कॅन. नवा हिशेब.
गरम पाण्यातून काढलेली मऊ जाळी
तिच्या उतरलेल्या गालावर दाबून धरली,
गार होऊन घट्ट होईपर्यंत.
जाळीतून आवाज आला,
"म्हंजी निघाली म्हणायची छाट."
"निघाली."
थोडा वेळ काही नाही.
मग,
"तुजं पैसं कापत्यात काय गं?"