कान

जिंजरच्या कागदांवर चार पिढ्या आहेत.
आजोबा कुठल्याशा शोमध्ये पहिले,
पणजी परदेशातून विमानाने आलेली.
माझ्या पणजीचं नाव विचाराल
तर मला काकांना फोन करावा लागेल.

कन्नमवार नगरात आमचा टॉवर नवा, कंपाउंड अर्धवट.
त्या दिवशी लिफ्ट बंद. नऊ मजले उतरून
दम खायला मी पट्टा सोडला, दोनच मिनिटं,
आणि पत्र्याच्या फटीतून ती
बिल्डरच्या वाळूवर गेली
जिथे तांब्या दुपारभर झोपतो.

मी पोचलो तेव्हा दोघं पाठमोरी, अडकलेली,
एकमेकांना ओळखतच नसल्यासारखी
वेगवेगळ्या दिशांना बघत.
वॉचमन पाण्याची बादली घेऊन धावला.
मी म्हटलं, नको.
सगळ्या प्रकरणात एवढंच मी नीट केलं.

डॉक्टर मुकादम म्हणाल्या, इंजेक्शन आहे,
पण वेळेत. या आठवड्यात ठरवा.
मी ठरवलं नाही.
वृंदा लोकांना सांगते, ह्याचं मन झालं नाही हो.
ऐकायला बरं वाटतं.
खरं तर मार्च संपत होता, ऑडिट होतं,
आणि मन वगैरे मला रविवारीच असतं.
दया आणि आळस सारखेच दिसतात,
डोळे उघडेपर्यंत.

सहा झाली. बाथरूममध्ये, माझ्या जुन्या लुंगीवर.
एक पहाटेपर्यंतच होतं.
शाल्मलीने ते शाळेच्या मोज्यात घातलं,
खाडीच्या वाटेवर आम्ही पुरलं.
मोजा पुरला तिचा.

बदलापूरहून सबनिसांचा फोन.
जिंजर त्यांच्याकडचीच.
"लाइन बिघडवलीत," म्हणाले. मग आवाज उतरवून,
"कान उभे राहायला चार महिने लागतात.
दोन महिन्यांची असतानाच देऊन टाका.
वीस-वीस हजार. कोण ओळखतंय?"
मी लगेच फोन ठेवला नाही.
पाच गुणिले वीस मनात करून झाल्यावर
ठेवला.

ज्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं
त्यांना खरं काय ते सांगितलं.
ठाण्याच्या बाई म्हणाल्या,
"अगंबाई! मग जात कुठली म्हणायची?"
ह्या प्रश्नाला आपल्याकडे दुसरा शब्द नाही.
शोधला मी.
ब्रीड म्हणून पाहिलं. तोच प्रश्न
नुसता आंघोळ करून आल्यासारखा वाटला.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय क्रमांक तीन: तांब्या.
गाडी आली, जाळं पडलं,
पाचव्या दिवशी त्याला वाळूपाशी परत सोडलं,
डाव्या कानाचं टोक कापलेलं, नियमाप्रमाणे.
मीही हात वर केला होता.
योजना चांगलीच आहे, त्याबद्दल वाद नाही.
पण पट्टा माझ्या हातात होता
आणि कान त्याचा गेला.
जिंजरचं ऑपरेशन अजून 'बघू' वर आहे.
सबनीस म्हणतात, आधी एक तरी शुद्ध वेत होऊ द्या.

दोन कांजूरच्या गजराबाईंनी नेली,
सुकटीवर मांजरं येतात म्हणून.
एक मुकादमांच्या कंपाउंडरने.
एकासाठी रात्री अकरा वाजता ठाण्याहून फोन आला:
"ते तपकिरी अजून आहे का हो?"
जात विचारली नाही ह्या वेळी. मीही काढली नाही.

पाचवं आमच्याकडे राहिलं.
लसीच्या कार्डावर तो रकाना आला
तेव्हा डॉक्टरांचं पेन थांबलं.
मग त्यांनी नावच एवढं मोठं लिहिलं
की ते पुढच्या रकान्यात सांडलं.

संध्याकाळी त्याला खाली नेतो,
पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन.
तांब्या उठतो, हुंगतो,
परत वाळूत जाऊन पडतो.
मी उगाच थांबतो तिथे, काहीतरी होईल म्हणून.
होत काही नाही.
सिमेंटचा ट्रक हॉर्न देतो
आणि पिल्लाचा एक कान,
एकच,
उभा राहतो.