बिल्ला नंबर सात

मासळी तुम्ही आणायची, चूल माझी.
मिरजेत, बाजाराच्या पाठीमागच्या बोळात,
तळायला साठ, रश्शाला ऐंशी, भाकरी वेगळी.
लिंबू एक. दुसरं मागितलं की मला ऐकू येत नाही.

प्रत्येक ताटलीत पितळी बिल्ला,
त्याचा जोडीदार गिऱ्हाइकाच्या खिशात.
तरी विचारतातच,
"ही माझीच सुरमई ना? माझी जरा जाड होती."
तव्यावर अंग चोरते ती, मी सांगते,
तुम्हाला ठेवलं तर तुम्हीपण चोराल.

पहाटे टेम्पो येतो रत्नागिरीचा, आंबा घाट उतरून नव्हे, चढून.
खैरून खोकी फोडते, बर्फावर पाणी मारते,
कालचा बांगडा आजचा करून टाकते.
एका कडेला नदीची चिलापी, मरळ,
ती बिचारी गावचीच, तिला कोण भाव विचारतो.

तो आला आषाढ सरता सरता.
पायात रबरी चप्पल, हातात दोन बांगडे,
पिशवी नाही, शेपटीला धरून आणलेले,
आणि हसत होता एकटाच.
"बाय, पन्नास वर्षांचो झालो,
मासा विकत घेतलाय तो आज पहिल्यांदा."
साखरतरचा भाटकर. होडी शाकारलेली,
बायको इथं दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर.
खैरूननं दुप्पट लावले होते.
"कळलं मला," म्हणाला, "चार दिवसांचे आहेत तेही कळलं.
पण आमच्याकडचे आहेत."

तिरफळ आहे काय? नाही.
सोलं? नाही. चिंच आहे.
गप्प बसला. मग म्हणाला, चिंच तर चिंच.
माझ्या कांदा-लसूण चटणीनं डोळ्यांतून पाणी काढलं त्याच्या,
नाक पुसत पुसत काट्यासकट जेवला,
काट्यांची एक सरळ रांग ताटाच्या कडेला लावली,
आणि अर्धा बांगडा डब्यात घेतला, बिनतिखटाचा.
"तिला डॉक्टरांनी नको म्हटलंय. वास तरी घेऊ दे."

नऊ दिवस आला. कधी सौंदाळे, कधी मांदेली,
भाव केला नाही कधी.
नंतर नंतर खैरूनच त्याच्यासाठी बर्फाखालचं काढून ठेवायची,
आणि आपण चांगल्या वागतोय हे कळू नये म्हणून
त्याच्यावर ओरडायची.
मी त्याला सातचाच बिल्ला द्यायची, का कोण जाणे.
एकदा जेवण मागताना त्यानं बिल्ल्याऐवजी
दवाखान्याचा निळा पास माझ्या हातात ठेवला.
मी पासावरचं नाव वाचलं, सुलभा,
परत दिला, ताट वाढलं.
दोघांनीही काही म्हटलं नाही.

दहाव्या दिवशी आला नाही.
ताटली पुसून ठेवली, सातचा एक बिल्ला तिच्यात,
दुसरा गेला त्याच्याबरोबर.
तिसऱ्या मजल्यावर जाऊन विचारता आलं असतं.
डाळीला फोडणी द्यायची होती, गिऱ्हाईक होतं,
असं मी स्वतःला चार दिवस सांगितलं.
पाचव्या दिवशी गेले. खाटेवर दुसरीच बाई होती,
संत्रं सोलत.

गणपतीनंतर टेम्पोवाला पुडकं टाकून गेला.
कुणी दिलं रे? बंदरावर एकानं.
कसा होता? घाईत होता.
गाठ जाळ्याची, दातानं सुटेना, विळीवर कापली.
आत पसाभर सोलं, मूठभर तिरफळं,
आणि तळाशी, मिठानं हिरवट झालेला, सात.
चिठ्ठी नाही. त्यांच्याकडे लिहायची पद्धत नसेल,
किंवा असेल.

त्या दुपारी रश्श्याला चिंच घातलीच नाही.
बसस्टँडवरचा शिवाप्पा कंडक्टर, रोजचा,
वाटी खाली ठेवून म्हणाला,
"आज काय केलंय ह्याला? वेगळंच लागतंय."
मी म्हटलं, पैसे तेवढेच.
त्यानं वाटी पुढं केली. मी अजून वाढलं.