साठ नंबर

खडे बाजारात बसय्याच्या दुकानात
पॅड खिळ्यांना टांगलेले असतात,
तिकोनी, गोल, आणि एक बोटाएवढा,
खुर्चीच्या गजांमध्ये शिरायला.
तो नंबर कन्नडमध्ये सांगतो, मी मराठीत मोजतो.
अरवत्तु म्हणजे साठ. नूरा इप्पत्तु म्हणजे एकशेवीस.
घासाघीस मात्र दोघांच्या मिळून झालेल्या भाषेत.
"भोकं बघून घे," तो म्हणाला.
"मशीनला आठ आणि पॅडला सहा असली
तर धूळ जाणार कुठं? तुझ्या छातीत."
मी पॅड उजेडात धरला, आठ भोकांतून
समोरचा भांड्यांचा बाजार बघितला,
आणि दोन घेतले. एक कडक, एक मऊ, स्पंजाचा.

खानापुरात, जांबोटी रोडला माझं शेड.
काम होतं ईराप्पाच्या खानावळीतली काटवट.
फणसाची, जड, कडेला चिरलेली,
मधोमध खळगा, जरा डावीकडं कललेला.
"गल्ल्याशेजारी मांडायची हाय," तो फोनवर म्हणाला,
"पण खळगा तसाच ऱ्हाऊ दे. लोकांना दिसू दे."
मला पटलं.
कडक पॅडला खळगा कळत नाही,
तो काठ खाली आणत जातो, सगळं एका पातळीला येईपर्यंत.
मऊ पॅड खाली उतरतो, वळणाबरोबर वळतो.
मी मऊ पॅड बाहेर काढून ठेवला
आणि दोन दिवस स्वतःला फार समजूतदार समजत राहिलो.

तिसऱ्या दिवशी दुंडव्वा आली,
त्या खानावळीत भाकऱ्या करणारी.
ओट्यावर पिशवी ठेवली, डावा तळवा खळग्यात ठेवला.
बसला. खोक्यात भांडं बसावं तसा.
मी गप्प उभा, काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून.
"ह्यो खड्डा कशाला ठेवूलाईस?"
"तुमच्या हाताचा हाय की, मावशी."
"माझ्याच हाताचा. म्हणून सांगतो, काढ.
पीठ तळाला बसतंय, मनगट वाकडं करून ओढायचं.
एकोणीस वर्षं. खांदा बघ, वर जात नाही.
मांडायची हौस असंल तर ईराप्पाला म्हणावं
फोटो काढून लाव. मला उद्या पीठ मळायचं हाय."

कडक पॅड. साठ नंबर.
बटण दाबलं आणि लाइट गेली.
ती डबा उघडून बसली, मला अर्धी भाकरी दिली, वर ठेचा.
चारला लाइट आली.
फणसाची धूळ पिवळी असते, हळदीसारखी,
भोकं जुळूनही थोडी उडतेच;
तिच्या केसांवर, पदरावर, ती झटकत नव्हती.
डबकं आटावं तसा खळगा
काठाकाठानं आत येत गेला,
रुपयाएवढा राहिला, मग नुसता डाग, मग तोही गेला.

मला घाई झाली होती. साठवरून थेट दोनशेचाळीस लावला.
तिनं चष्म्याशिवाय बोट फिरवलं.
"हितं ओरखडं हाईत."
"दिसत नाहीत की."
"दिसायला कशाला पायजेत?"
मी खाली मान घालून मागं गेलो, एकशेवीसवर.

मग पाणी मारलं, लाकडाचे धागे रात्रभर उठू दिले,
सकाळी दोनशेचाळीसनं बसवले,
खोबरेल चोळलं दोनदा.
ती आली, रिकाम्या काटवटीत हात पुढं ढकलला,
पीठ असल्यासारखा, मागं ओढला, पुढं ढकलला.
मध्ये एकदा तळवा थांबला,
अंधारात पायरी संपली तरी पाय
आणखी एक पायरी शोधतो तसा.
"हलकी झाली," म्हणाली. उचलली, कमरेला लावली,
आणि साडेनऊची बस धरायला गेली.

ईराप्पानं पैसे देताना तोंड वाकडं केलं.
मऊ पॅड अजून पाकिटात, खिळ्याला.
बसय्या परत घेत नाही.