खुलासा, पान सात

फोटोत पाच माणसं होती.
परवापासून भायखळ्यात भिंतीभिंतीवर चिकटलाय,
त्यात दोनच उरलीत:
उमेदवार कुंदाताई वायंगणकर
आणि खांद्याला खांदा लावून भास्कर तोडणकर,
ज्यानं त्या काळी धोबीतलावच्या आपल्या लॉजवर
'काळ्यांना खोली मिळणार नाही' अशी पाटी टांगली होती
आणि दोन सुदानी पोरांच्या ट्रंका
लाथेनं जिन्यावरून खाली सोडल्या होत्या.
फोटोखाली ठळक अक्षरांत: तीस वर्षांची साथ.

मी प्रभादेवीच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर,
निगेटिव्हच्या पाकिटांवर तारखा घालणारा माणूस.
कात्री कुठून फिरली ते बोट ठेवून सांगतो.
डावीकडे डॉक्टर रिबेलो होते, हातात बाटली,
त्यांच्यामागे नर्स. वर रक्तदानाचा फलक.
उजवीकडे खाटेवर कुणीतरी आडवं;
त्याचा कोपरापर्यंतचा हात कापायचा राहून गेलाय,
पोस्टरच्या कडेला पडून आहे, कुणाचाच नसल्यासारखा.
पाकिटावर त्याचं नाव नाही.
ताईंची आणि भास्करची ती पहिली भेट.
पक्ष तर अजून जन्मायचा होता.

तसं लिहून दिलं. साडेचार ओळी.
संपादक म्हणाले, घ्या पान सातवर,
राशिभविष्याखाली जागा आहे.

संध्याकाळी ताईंचा माणूस पेढे घेऊन आला.
"खरं काय ते तुम्ही बाहेर काढलंत, काका."
तोंडात पेढा होता, मी नुसती मान हलवली.

त्याच खणात दुसरं पाकीट आहे,
सात वर्षांनंतरचं. भास्करचा पक्षप्रवेश.
तो हातवारे करून काही सांगतोय, सगळे हसताहेत.
आमचा फोटोग्राफर दिगंबर म्हणाला होता,
ट्रंकांचाच किस्सा चालला होता.
ताई खिडकीकडे बघताहेत.
लाज, की कंटाळा, की बाहेर नुसता कावळा,
भिंगाखाली धरलं तरी कळत नाही.
हे पाकीट कुणी मागितलं नाही.
विरोधकांनीही नाही. त्यांना कात्री पुरली.

दिव्यासमोर धरलं की सगळं उलटं होतं:
भास्करचा चेहरा काळाकुट्ट, केस पांढरे.
स्वतःच्या लॉजवर त्याला खोली मिळाली नसती.

तारीख तपासली. खण लावला.
वेलचीचा एक दाणा दाढेत अडकला होता,
रात्री घरी पोचेपर्यंत
जिभेनं कोरत राहिलो.